सूनबाईचा हलका हात

त्या घरात सुना दोन. थोरली नवऱ्याबरोबर लांब दुसऱ्या देशात राहायची आणि धाकटी सासूबाईंजवळ. तेव्हा कौतुक कुणाच्या वाट्याला यायचं आणि काम कुणाच्या, हे वेगळं सांगायला नकोच. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते काही उगीच नाही. थोरलीने फोनवर “आई, तब्येतीला जपा हं” एवढं म्हटलं की सासूबाई दिवसभर तेच वाक्य चघळत बसायच्या. धाकटी पहाटे उठून स्वयंपाक उरकायची, त्यांच्या गोळ्या काढून ठेवायची, मग कामावर पळायची, आणि संध्याकाळी चपला काढते न काढते तोच आतून आवाज यायचा, “भाजीत मीठ घालतात, हे तुझ्या आईने सांगितलं नाही वाटतं?”

सासूबाई मनाच्या वाईट नव्हत्या, पण जिभेला हाड नव्हतं. चहा गार असला की बोलायच्या, आणि गरम असला की जीभ भाजली म्हणून बोलायच्या. त्या बोलताहेत म्हणजे प्रकृती ठणठणीत आहे, असा घरातला हिशेब होता. धाकटीलाही तो पाठ झाला होता आणि ती फारसं मनाला लावून घेत नसे. फक्त एकदा, अगदी एकदाच, त्यांनी “छान केलंस गं” म्हणावं, एवढी आस तिने उगाच धरून ठेवली होती. चाळिशी ओलांडली, कानामागचे केस पिकले, तरी शाबासकीच्या बाबतीत माणूस शाळकरीच राहतो.

ती शाबासकी आली मोतीबिंदूच्या वाटेने.

सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सकाळी, संध्याकाळी आणि झोपताना डोळ्यात थेंब टाकायला सांगितले. सासूबाई तशा कुणाच्या बापाला न भिणाऱ्या, पण डोळ्याजवळ काही आलं की त्यांची पाचावर धारण बसायची. दवाखान्यात एका नर्सने डोकं धरलं, दुसरीने हात धरले, तेव्हा कुठे एक थेंब आत गेला आणि बाकीचे गालावर. घरी आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं, “मी आंधळी राहीन, पण ती बाटली जवळ येऊ देणार नाही.”

धाकटीने वाद घातला नाही. त्यांना खुर्चीत बसवलं, बाजूला उभी राहिली आणि हनुवटी तळव्यात घेतली. तोंडाने “हो हो, झालंच, झालंच” असं काहीतरी पुटपुटत तिने खालची पापणी दोन बोटांनी अलगद पुढे ओढली, इतकी की तिचा छोटासा खिसा झाला. त्या खिशात थेंब सोडला, पापण्या मिटवून क्षणभर तशाच धरल्या आणि हात काढून घेतला.

“टाक बाई एकदाचं,” सासूबाई अंग चोरून म्हणाल्या.

“टाकलं.”

“कधी?”

“आत्ता.”

सासूबाईंनी डोळ्याची उघडझाप केली. नाव ठेवायला काहीतरी शोधलं, पण सापडेना. असा प्रकार त्या घरात प्रथमच घडत होता. शेवटी म्हणाल्या, “हात हलका आहे हो तुझा.”

संध्याकाळी थोरलीचा फोन आला. धाकटी आत भांडी घासत होती आणि बाहेरून सासूबाईंचा आवाज येत होता. “तुमच्याकडे असतील मोठमोठे डॉक्टर, पण माझ्या सूनबाईसारखा हात नाही कुणाचा. कापूस गं, कापूस!” माझी सूनबाई हा किताब आजवर थोरलीचा होता. धाकटीने नीट ऐकू यावं म्हणून नळ बंद केला. इतक्या वर्षांनी कानावर पडलेले शब्द, त्यांनी ऊर भरून यायला हवा होता, पण झालं भलतंच. कुणी चोरीचा दागिना गळ्यात घातलेला पाहून “शोभतो हो” म्हणावं, तशी तिची मान खाली गेली. हा हात कुठे हलका झाला, ते तिला ठाऊक होतं ना.

घरात सगळ्यांना एवढंच माहीत होतं की ती सौंदर्यप्रसाधनांच्या एका तपासणी केंद्रात, ‘क्वालिटीत’ आहे. बाटल्यांची झाकणं घट्ट बसतात का ते बघत असेल, असं सासूबाईंचं मत. नवरा त्याच्या गोदामाच्या कामात बुडालेला, त्याने कधी विचारलं नाही आणि तिने कधी सांगितलं नाही. तिचं काम सशांच्या खोलीत होतं. बिनखिडक्यांची लांबलचक खोली, फिनेलचा आणि सुक्या गवताचा एकमेकांत मिसळलेला वास, भिंतीला धरून पिंजऱ्यांच्या रांगा आणि त्यात पांढरे ससे. नवा शाम्पू, नवं क्रीम, पापण्यांना लावायचा नवा रंग, सगळं बाजारात जायच्या आधी इथे यायचं; प्राण्यांवर तपासायला तेव्हा अजून बंदी नव्हती. सशाला खोक्यात बसवायचं, मान तेवढी बाहेर, म्हणजे त्याला पंजाने डोळा चोळता येत नाही. मग खालची पापणी ओढून खिसा करायचा, त्यात माल सोडायचा, पापण्या क्षणभर मिटवून धरायच्या. नेहमी डाव्या डोळ्यात. उजव्याला हात लावायचा नाही, तो तुलनेसाठी कोरा ठेवायचा. नंतर ठरल्या वेळी येऊन डावा डोळा बघायचा. लाली किती, सूज किती, चिकटा किती, त्याला आकडा द्यायचा. काहीच नसलं तर शून्य. काही मालांना शून्य मिळायचं. ज्यांना मिळायचं नाही त्यांच्यामुळे सशांचे डोळे कसे दिसत, ते ती डबा खाताना आठवत नसे. तपासणी संपली की ससेही संपायचे. ते काम पलीकडच्या खोलीतल्या लोकांचं, आणि त्या दारावरून जाताना धाकटीची पावलं भराभर पडायची.

तिथेही तिच्या हाताचं नाव होतं. नव्या माणसांच्या हातात ससा तडफडायचा, धाकटीच्या हातात गप्प बसायचा. “बाईंच्या हाताकडे बघा, शिका काहीतरी,” असं साहेब सगळ्यांना सांगायचे. सुरुवातीला ती संडासात जाऊन रडायची. मग रडणं आपोआप थांबलं. हे काम कुणीतरी करणारच, तर निदान हलक्या हाताचं माणूस असलेलं बरं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. ही समजूत इतकी सोयीची होती की ती तिने कधी उलटून पाहिलीच नाही.

“पण तू शिकलीस कुठे हे?” सासूबाईंनी एकदा विचारलंच.

“कंपनीने डोळ्यांच्या दवाखान्यात पाठवलं होतं शिकायला,” धाकटी म्हणाली. थाप अशी पटकन बाहेर पडली, जणू दाराआड तयारीतच उभी होती.

झालं! सासूबाईंनी ती थाप जिन्याने खालीवर फिरवली. खालच्या मजल्यावरच्या मावशी डोळा खुपतोय म्हणून दाखवायला आल्या. नणंदेने फोनवर सल्ला विचारला. आणि डोक्यावरून अंघोळीची परवानगी मिळाली त्या दिवशी, धाकटी कामावरून आणलेल्या शाम्पूने त्यांचे केस धूत असताना, सासूबाई फेसातून म्हणाल्या, “तुमचा शाम्पू मात्र गुणाचा हो. डोळ्यात गेला तरी झोंबत नाही.”

धाकटी मगाने पाणी ओतत राहिली. तो शाम्पू तिला आठवत होता. त्याच्या आधीचा, झोंबणारा, तोही आठवत होता. तिला वाटलं, आत्ता सांगून टाकावं. मग वाटलं, या बाईने जन्मात पहिल्यांदा आपल्याबद्दल बरं बोलायला सुरुवात केली आहे, ते आपल्याच हाताने कशाला बुडवा? आणि ती गप्प बसली. लाज वाटत होती आणि कौतुकही सोडवत नव्हतं. दोन्ही एकाच ताटात वाढलेलं आणि ती दोन्ही खात होती.

डावा डोळा छान झाला. सासूबाईंना छताच्या कोपऱ्यातली जळमटं दिसू लागली, म्हणजे घरात कुणाचीच धडगत राहिली नाही. मग उजव्याचं ऑपरेशन ठरलं. या वेळी त्या हसत गेल्या. “सूनबाई आहे ना, मला कसली भीती?”

पहिले काही दिवस उजव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी चिकटवलेली असायची. ती काढायची, थेंब टाकायचा, परत चिकटवायची. वाटीच सांगायची, डोळा कुठला ते. मग डॉक्टरांनी वाटी बंद केली, काळा चष्मा दिला, आणि थेंब मात्र चुकवायचे नाहीत म्हणून बजावलं.

नेमकी तेव्हाच कामावर लहान मुलांच्या एका शाम्पूची घाई निघाली. पिंजऱ्यांच्या रांगा वाढल्या, माणसं तेवढीच. सकाळपासून धाकटीचे हात तेच करत होते. हनुवटी, पापणी, खिसा, थेंब, मिटव, सोड. डावा, डावा, डावा. संध्याकाळी घरी येऊन ती हात धुवायची, सासूबाईंचा चष्मा काढायची आणि पुन्हा तेच. पहाटे अर्धवट झोपेत पुन्हा तेच. सासूबाई चेहरा वर करून स्वस्थ बसायच्या. थेंब पडला की चष्मा लावायच्या. चकार शब्द नाही.

खरं तर तेव्हाच तिच्या लक्षात यायला हवं होतं. भाजीतल्या मिठावरून घर डोक्यावर घेणारी बाई दोन-तीन दिवस एवढी मुकाट कशी? पण थकलेल्या माणसाला शांतता मिळाली की तो तिची चौकशी करत नाही.

एका संध्याकाळी तिने नेहमीसारखा चष्मा काढला, डाव्या पापणीचा खिसा केला, थेंब सोडला, मिटवली, सोडली. मग वाकून डोळा बघितला. लाली शून्य, सूज शून्य. आणि सवयीने, तुलना करायला, नजर उजव्याकडे गेली.

उजवा लालभडक होता. पापणी सुजून जड झाली होती आणि कडेला पिवळा चिकटा जमला होता.

कोरा ठेवलेला डोळाच लाल निघाला, तर त्या सशाचा काही उपयोग नसतो. त्याला रांगेतून बाजूला काढतात. त्या क्षणी धाकटीच्या मनात जो शब्द उमटला तो “अगं बाई” नव्हता, “आई” नव्हता, “देवा” पण नव्हता. तो शब्द होता “बाद”.

आणि मग तिला कळलं की आपल्या तळव्यात कुणाची हनुवटी आहे.

हातातली बाटली खाली पडली. “काय गं?” सासूबाईंनी विचारलं. “काही नाही आई, दवाखान्यात जाऊन येऊ,” एवढंच ती बोलू शकली. टॅक्सीत तिने त्यांचा हात धरला होता आणि तो चांगलाच तापला होता. इतका वेळ तिच्या लक्षात तेही आलं नव्हतं.

डॉक्टरांनी डोळा तपासला आणि खुर्ची मागे सरकवली. “थेंब टाकत होता ना तुम्ही?”

धाकटीने तोंड उघडलं. पण तिच्या आधी सासूबाई बोलल्या. “माझीच चूक, डॉक्टर. सूनबाई बिचारी रोज आठवण करून देऊन कामाला जाते. मीच कंटाळा केला. टाकले म्हणून तिला खोटंच सांगितलं.”

मग डॉक्टरांनी त्यांना फैलावर घेतलं. या वयात असा पोरकटपणा शोभतो का, डोळा काय बाजारात नवा मिळतो, घरच्यांनी तुमच्यासाठी किती करायचं, ऐकायचंच नसेल तर ऑपरेशन कशाला केलंत. सासूबाई मान खाली घालून ऐकत होत्या, ज्यांनी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं त्या. आणि धाकटी भिंतीवरच्या तक्त्यातली लहान होत जाणारी अक्षरं वाचत उभी राहिली. “डॉक्टर, चूक यांची नाही,” एवढं चार शब्दांचं वाक्य. ते तिच्या घशापर्यंत आलं आणि तिने ते गिळलं. डॉक्टरांनी तिच्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवली, तीही तिने घेतली.

डोळा वाचेल, डॉक्टर म्हणाले, पण नजर पहिल्यासारखी स्वच्छ होईल की धुरकट राहील ते आज सांगता येणार नाही. नवे थेंब, तासातासाला, उजव्या डोळ्यात. ‘उजव्या’ हा शब्द त्यांनी जोर देऊन म्हटला नाही, तरी तिला तो कानाखाली बसल्यासारखा लागला.

बाहेर बाकावर दोघी बसल्या. औषधांच्या खिडकीशी बरीच गर्दी होती.

“तुम्हाला कळत होतं ना?” धाकटीने विचारलं. “मी भलत्याच डोळ्यात टाकतेय ते.”

“डोळे माझे आहेत, मला कळणार नाही?”

“मग बोलला का नाहीत?”

सासूबाईंनी पदराने नाक पुसलं. “मला वाटलं, तू शिकलेली. डाव्यात टाकलं की आतून उजव्याला उतरत असेल. ठणकत होता गं, पण म्हटलं, सूनबाईच्या हातात चूक व्हायची नाही. उगाच आपण मध्ये तोंड घालायचं, आणि तुला वाटायचं, म्हातारीचं तोंड इथेही चालूच.”

धाकटीला वाटलं, याच्यापेक्षा यांनी दोन कानफटात द्यायला हव्या होत्या. ती म्हणाली, “आई, मी दवाखान्यात शिकले नाही.” आणि मग तिने सांगितलं. खोली, पिंजरे, खोकं, खिसा, डावा डोळा, उजवा डोळा. सांगताना ती आपल्या हातांकडे बघत होती आणि ते कुठे लपवावेत ते तिला सुचत नव्हतं.

सासूबाईंनी काळा चष्मा काढला, पदराने पुसला आणि परत लावला. शेवटी म्हणाल्या, “आणि तो शाम्पू?”

“तोसुद्धा.”

“त्यांना दुखतं?”

“दुखतं.”

“मग ओरडत नाहीत?”

“ससा सहसा ओरडत नाही, आई. पापणीसुद्धा फारशी हलवत नाही. म्हणून तर ससे घेतात.”

“हं,” सासूबाई म्हणाल्या. मग एकदम, “घरी चल. मला पडायचंय.”

सगळं सांगितलं असं धाकटीला वाटलं, पण ते खरं नव्हतं. तो एक शब्द तिने सांगितला नाही. तो ती कुणालाच कधी सांगू शकणार नव्हती, नवऱ्यालासुद्धा नाही.

घरी पोचल्यावर तिने सवयीने हात धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. नवी बाटली उघडली आणि खुर्चीजवळ आली. सासूबाई बसल्या होत्या, पण त्यांनी चेहरा वर केला नाही.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, त्यामुळे ते जास्तच लागलं. “त्याला बोलाव.”

नवरा आला. गोदामात खोकी उचलून राठ झालेले त्याचे हात; बाटलीचं झाकण त्याने आधी जमिनीवर पाडलं, मग शोधायला लागला. मग आईसमोर उकिडवा बसला. “आई, उजवा ना? हा? बघ हं, हा उजवा ना?”

“हो रे बाबा, उजवा.”

पहिला थेंब कपाळावर पडला. दुसरा नाकावरून ओघळला. “अरे गाढवा, डोळ्यात टाक, मला अंघोळ नको घालूस!” सासूबाई कडाडल्या. “दुखतंय, दुखतंय! सोड ना! बोटं आहेत का पहारी?” त्यांनी त्याच्या हातावर फटका मारला, मान झटकली, पदराने तोंड पुसलं, त्याला दोन शिव्या दिल्या आणि मग पुन्हा चेहरा पुढे केला. तो घामाघूम होऊन थांबला. मग परत विचारू लागला, “टाकू? आता टाकू?”

शेवटी तो वैतागून धाकटीकडे वळला. “तूच टाक ना. तुझा हात हलका आहे.”

“नको,” त्याची आई म्हणाली. “तुझाच बरा. तू विचारतोस.”

धाकटी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आतला आरडाओरडा ऐकत होती. इतकी वर्षं तिच्या हाताखालचं कुणीही “दुखतंय” म्हणालं नव्हतं, कुणी मान झटकली नव्हती, कुणी तिला शिव्या दिल्या नव्हत्या. आणि तेवढ्यावर ती समजत आली होती की आपला हात हलका आहे.